डाव्या कुशीची फळी

इमारत समुद्राकडे झुकली आहे, असं भूकंपाच्या तपासणीला आलेला इंजिनिअर चहातली साखर ढवळता ढवळता म्हणाला. फार नव्हे, चार बोटं. या गल्लीतल्या सगळ्याच थोड्याफार झुकल्यात, उद्याच्या भूकंपात पडेल असं काही मी म्हणत नाही, पण अहवालात लिहावं लागतं. पेरिहानने त्याला आणखी चहा हवा का विचारलं. तो नको म्हणाला आणि आपली उपकरणं आवरून वरच्या मजल्यावर गेला. वरच्यांनीही त्याला चहाच विचारला असणार. इस्तंबूलमध्ये भूकंपाचा विषय निघाला की माणसं आधी किटली चढवतात. दार लावून ती आत वळली आणि जिथल्या तिथे उभी राहिली. कपाटाच्या पुढच्या पायांखाली पुठ्ठ्याची घडी होती. ती तिनेच कधीतरी घातली होती. टेबलाच्या बाल्कनीकडच्या दोन पायांखाली बुचाच्या चकत्या होत्या. न्हाणीघराचं दार आपसूक मिटतं म्हणून त्याला दोरी बांधलेली होती आणि ती दोरी मळून काळी झाली होती. या घरात आपण इतकी वर्षं राहिलो आणि एकेक पाचर मारत राहिलो, घर वाकडं आहे हे मात्र एकदाही मनात आलं नाही, याचं तिला हसू आलं. मग तिचं लक्ष आईच्या तसबिरीकडे गेलं. ती तसबीर रोज धूळ पुसताना कललेली दिसायची, आणि रोज ती बोटाने ढकलून भिंतीच्या कडेशी सरळ करायची, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कललेली असायची. खिळा सैल झालाय असं ती धरून चालली होती. खिळ्याला काही झालेलं नव्हतं. तसबीर ओळंब्यात लटकत होती, कललेली होती ती भिंत. तसबीर बरोबर होती आणि पेरिहान तिला रोज सकाळी, मोठ्या मायेने, वाकडी करत होती. तिचं हसू विरलं. डोळ्यांसमोर एक फळी आली.

ती फळी तिच्या डोक्यातून गेला महिनाभर हलत नव्हती. पलीकडच्या किनाऱ्यावर, जुन्या बंदराच्या जागेशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एका जहाजाची हाडं लोखंडी पाळण्यात बसवायचं काम चाललं होतं आणि पेरिहान त्या कामाची प्रमुख होती. मेट्रोचं स्टेशन खणताना शहराखाली ते बंदर लागलं, तेव्हा ती पस्तिशीची होती. गाळातून एकामागून एक व्यापारी जहाजं निघत गेली. लढाऊ जहाजांची नावं इतिहासात राहतात, त्यांच्यावर कवनं होतात. ही बिचारी धान्य, दारूचे रांजण, कौलं वाहणारी. महिनोन्‌महिने समुद्र तुडवून आलेली आणि एखाद्या दक्षिणेच्या वादळात नेमकी बंदराच्या तोंडाशी, घरातला धूर दिसत असताना बुडालेली. पेरिहानच्या वाट्याला आलेल्या जहाजाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, मालकाचं नाही, मुक्कामाचं नाही. मागच्या बाजूला मातीची एक चूल आणि चुलीपाशी मूठभर जर्दाळूच्या बिया, एवढाच काय तो माणसांचा पुरावा. पण लाकूड होतं. हजार वर्षं चिखलात निजलेलं, स्पंजासारखं झालेलं, वाऱ्याची झुळूक लागली तरी चिरफळ्या उडतील असं. त्याच्यावर रात्रंदिवस पाणी शिंपडायचं, मग त्याला वर्षानुवर्षं मेणाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं, मग गोठवून वाळवायचं. मुलं मोठी होऊन नोकरीला लागतात तेवढ्या काळात एक जहाज कोरडं होतं. आता ते कोरडं झालं होतं, एकेक फळी आपल्या जागी परत जात होती, आणि डाव्या कुशीची खालून पाचवी फळी जात नव्हती. टोकाशी तीन बोटांची फट राहायची. लाकूड आकसलंय, सगळे म्हणाले. पेरिहाननेही तेच म्हटलं आणि फटीत एक पाचर मारून पुढची फळी घेतली.

बोटीवर तिने नेहमीचा चहा घेतला नाही. शेडमध्ये पोचल्यावर तिने ती पाचर काढून घेतली, आणि कोठीतून जुन्या आरेखनांच्या गुंडाळ्या मागवल्या. जहाज चिखलात असतानाच त्याची प्रत्येक फळी उतरवून घेतात: वर पारदर्शक प्लॅस्टिकचा पन्ना अंथरायचा आणि खालची रेघ अन्‌ रेघ गिरवायची, खिळे लाल, हत्याराच्या खुणा निळ्या, किड्यांनी पाडलेली भोकं हिरवी. फळी लांब असली तर एक पन्ना पुरत नाही. मग लाकडात दोन टाचण्या रोवायच्या, दोन्ही पन्न्यांवर भोक पाडून त्यांच्या खुणा करायच्या, आणि जोडताना खुणेवर खूण आणायची. पाचवी फळी दोन पन्न्यांची होती. पेरिहानने ते टेबलावर पसरले. फळीची कड एका पन्न्यातून दुसऱ्यात अशी डौलात गेली होती की बघत राहावं. टाचण्यांच्या खुणा मात्र बोटभर अंतरावर होत्या. तिने चिकटपट्टी सोडवली आणि खुणेवर खूण ठेवली. कड मोडली. जिथे डौल होता तिथे कोपरा आला. उचलताना ही फळी नेमकी तिथेच मोडली होती, हे तिला आठवलं. दोन तुकडे झाले होते आणि ते पुढे आरेखनाबरहुकूम जोडले गेले होते. तिने मदतनिसांना बोलावून तुकडे सुटे करायला लावले. प्रत्येकाला आपापल्या खुंट्यांच्या भोकांवर जाऊ द्या, म्हणाली, जोर करू नका. दोन्ही तुकडे जाऊन बसले. कोपऱ्यासकट बसले, अंगावर जुना कोट चढावा तसे. पन्न्याच्या कोपऱ्यातलं हस्ताक्षर तिने मघाशीच ओळखलं होतं. ते सुआवी होजांचं होतं.

आणि मग तो दिवस तिच्या अंगावरून सरकत गेला, पुष्कळ वर्षांनी, पण गाळाच्या वासासकट. होजा, म्हणजे तिचे गुरू, खड्ड्यावर आडव्या टाकलेल्या फळकुटावर पालथे झोपलेले, छातीखाली उशी, नाक लाकडापासून वीतभर. वरून फवाऱ्यांचं पाणी सगळ्यांच्या मानेत उतरतंय. पलीकडे मेट्रोचे अधिकारी घड्याळ बघत उभे. आणि होजा गिरवतायत, पाठ धरली म्हणून तासभर ओरडतायत आणि गिरवतायत. त्यांच्याइतका सुंदर हात कुणाचाच नव्हता. “हाताला थोडं मूर्ख ठेवा रे,” ते मुलांना सांगायचे, “शहाणा झाला की बघत नाही, सांगत सुटतो.” आणि त्याच हाताने ही चूक केली होती. नवशिक्याने ती केली नसती. नवशिक्याने निमूट खुणेवर खूण ठेवली असती. जहाजाची रेघ कशी धावते हे ज्याच्या रक्तात भिनलंय, ज्याने आयुष्यभर जहाजांवर प्रेम केलंय, त्याचाच हात तो कोपरा बघून म्हणणार, छे, पन्ना सरकला असेल. आणि जरासा, मायेने, सरळ करणार. पेरिहानला त्यांचा राग आला नाही. तिला तसबीर आठवली आणि मान खाली गेली.

पण खरी गंमत पुढेच होती, आणि ती गंमत बघताना तिचं सगळं दडपण काही वेळ पळून गेलं. त्या काळी आधी कातडी करत आणि मग हाडं; फळ्यांचं कवच रचत न्यायचं, आणि बरगड्या नंतर आत बसवायच्या. हाताशी नकाशा नाही, डोळ्यांनी रचायचं. हे जहाज बांधणाऱ्या सुताराकडे पाचव्या फळीला पुरेल असं एकच लाकूड उरलं असावं आणि त्याला कोपरा होता. झाड वाऱ्याला वाढलं असेल. त्याने ते फेकलं नाही. तासून सरळही केलं नाही, तासलं असतं तर पातळ झालं असतं. त्याने ते तसंच चढवलं, आणि मग सहाव्या फळीला खालून थोडं पोट दिलं, सातवीला त्याहून थोडं कमी, आठवीला नखभर, आणि नवव्या फळीशी सगळं सरळ. धक्क्यावर उभं राहून बघणाऱ्या मालकाला पत्ताही लागला नसता. आतापर्यंत त्या पोटांना सगळे ‘दाबामुळे आलेली विकृती’ म्हणत होते, आणि पुस्तकात तसं छापलंही होतं. पेरिहान त्या चार फळ्यांवरून हात फिरवत राहिली. एका झाडाचा हट्ट एका माणसाने चार फळ्यांत समजूत काढून जिरवला होता आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. ते जहाज तसंच, डाव्या कुशीला किंचित भरलेलं, किती वर्षं समुद्रात चाललं असेल. तिला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. ज्याचं नाव माहीत नाही त्याच्या पाया पडता येत नाही, म्हणून तिने फळीवरची धूळ पुसली.

मग तिला मॉडेलची आठवण झाली. होजा आता ऐंशीच्या पुढे गेले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या घरी, कुझगुंजुकच्या चढावर, या जहाजाची लहान प्रतिकृती करायला घेतली होती. नासपतीच्या लाकडाची, फळीला फळी, खुंटीला खुंटी. डोळे गेले तसं काम हळू झालं, हात कापायला लागले तसं आणखी हळू. ते आता पुरं झालं होतं. येत्या आठवड्यात संग्रहालयाची गाडी येऊन ते नेणार होती, खऱ्या जहाजाशेजारी काचेत ठेवायला, खाली त्यांचं नाव. आणि ते डावीउजवीकडे सारखं होतं, आरशात बघितल्यासारखं सारखं, त्यांच्या स्वतःच्या आरेखनाप्रमाणे. न सांगितलं तर कुणालाही कळणार नव्हतं. माणूस काचेशी दोन मिनिटं थांबतो आणि पुढे जातो. सुधारणा नंतर छापता आली असती. नंतर म्हणजे कधी, हा शब्द मनातल्या मनात उच्चारतानाही तिला लाज वाटली. त्या सुताराने कुणालाच सांगितलं नव्हतं हे खरं, पण लाकडाशी तो खोटं बोलला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती कुझगुंजुकच्या बोटीत बसली तेव्हा, आपण सांगायला चाललोय की नुसतं भेटायला, हे तिला ठाऊक नव्हतं. पन्न्यांची गुंडाळी मात्र तिने काखेत घेतली होती.

फाटकातच मेबरुरे आब्ला भेटल्या. होजांची बायको, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं पेरिहान त्यांना आब्ला म्हणायची, आणि त्याही मोठ्या बहिणीच्या हक्काने तिचे कान उपटायच्या. त्या जिन्याच्या पायरीवर बसून परातीत घेवडा निवडत होत्या. त्यांनी आधी पेरिहानचं तोंड बघितलं आणि मग काखेतली गुंडाळी.

“मॉडेल बघायला आलीस ना?” त्या म्हणाल्या. “बघ, छान म्हण, चहा पी आणि जा.”

“एवढ्या लांबून आले आणि घालवायलाच निघालात, आब्ला?”

“तुझं तोंड मी काही आजच बघत नाहीये. लग्न मोडलं तेव्हा आली होतीस ना, तेव्हा असंच होतं.” त्यांनी परात बाजूला ठेवली आणि आवाज उतरवला. “ऐक. डॉक्टर मला बाजूला घेऊन बोललेत. हा माणूस सकाळी उठतो तो त्या फळ्यांसाठी उठतो. गाडी येऊ दे, ते निघून जाऊ दे, मग तुमच्या मेल्या जहाजाचं काय असेल ते सांग. नाहीतर नकोच सांगूस. त्या जहाजाला काय, ते एकदा बुडालंच आहे.”

“बरं,” पेरिहान म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं. गुंडाळी तिने आतल्या पॅसेजमध्ये छत्र्यांच्या शेजारी उभी केली. पायऱ्या चढताना तिला हलकं वाटत होतं आणि त्या हलकेपणाची किळसही येत होती.

होजा खिडकीपाशी बसले होते, मॉडेलसमोर. ते बारीक झाले होते, सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल फिरत होती. पेरिहान मॉडेलपाशी वाकली. इतकी सुंदर वस्तू तिने कधी बघितली नव्हती. खुंट्या मोहरीएवढ्या. मागच्या बाजूला चूलही होती, नखाएवढी. होजांनी तिच्याकडे न बघता हात पुढे केला, तिने तो कपाळाला लावला, आणि ते म्हणाले, “चूक काढ.”

हा त्यांचाच रिवाज होता. शेडमध्ये कुणाचंही काम पुरं झालं की दुसऱ्याने त्यात एक चूक काढायची; चूक निघेपर्यंत काम पुरं धरायचं नाही, आणि चहा कुणालाच नाही. पोरं चहासाठी मरायची आणि डोळ्यांत तेल घालून बघायची.

“सुकाणूच्या वल्ह्याची दोरी,” ती म्हणाली. “जाड वाटते. त्या मानाने.”

“ही चूक नव्हे, ही खुशामत.” ते खिडकीकडे तोंड करून बोलत होते. “दोरी जाड आहे हे मलाही माहीत आहे, बारीक मिळाली नाही. नीट काढ. मेबरुरे चहा घेऊन येईल आणि मी तिला परत पाठवीन, मग माझ्या नावाने बोटं मोडत बसाल दोघी.”

बाहेर कुणीतरी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतं. तिला वाटलं, आपण रंग म्हणू, चूल म्हणू. आणखी एक पाचर. होजांचा हात मॉडेलच्या डाव्या कुशीवर ठेवलेला होता, थरथरत होता, आणि अंगठा अगदी पाचव्या फळीवर होता. त्या हातासाठी आपण काहीही केलं असतं, असं तिच्या मनात आलं. आणि मग तिला कळलं की त्या हाताला फसवणं एवढी एकच गोष्ट आपल्याला जमणार नाही.

“डावी कूस,” ती म्हणाली. “खालून पाचवी. ती सरळ नाही, होजा. तिला कोपरा आहे.”

“आकसली असेल.”

“आकसली नाही. पन्ने चुकीचे जोडले गेलेत.”

“कुणी जोडले?”

“तुम्ही.”

दारात पेल्यांचा किणकिण आवाज झाला. मेबरुरे आब्ला तबक घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांनी पेरिहानकडे असं बघितलं की तिला वाटलं, या घरात आपण यापुढे पाऊल ठेवणार नाही. होजांनी हात पुढे केला. “आणलेस ना? आण.” पॅसेजमधून गुंडाळी आणताना तिला आब्लांना ओलांडून जावं लागलं, आणि आब्ला सरकल्या नाहीत. होजांनी पन्ने खिडकीच्या काचेवर धरायला लावले, उजेड मागून येईल असे. डोळे त्यांना फारसे साथ देत नव्हते. त्यांनी बोटाच्या टोकाने टाचणीचं एक भोक चाचपलं, दुसरं चाचपलं, ती एकमेकांवर आणायला सांगितली, आणि कडेवरून बोट नेलं. कोपऱ्याशी बोट थांबलं. मागे आलं, पुन्हा गेलं, पुन्हा थांबलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. पेरिहानचे वर धरलेले हात दुखू लागले, पण खाली घ्यायचा धीर होईना. आपण या माणसाला मारलं, हे तिला अगदी स्पष्ट वाटलं.

“मग वरच्या फळ्यांचं काय केलं त्याने?” होजांनी विचारलं.

“कुणी?”

“सुताराने, आणखी कुणी? खाली असा कोपरा घेऊन बसला, तर वर काय केलं?”

“चार फळ्यांत जिरवलं. सहावीला पोट दिलं, मग कमी कमी करत नेलं. नववी सरळ आहे.”

“कण्याला हात न लावता?”

“कण्याला नाही, काठालाही नाही.”

“चार फळ्यांत,” होजा म्हणाले. ते खुर्चीत मागे टेकले. त्यांचे खांदे हलायला लागले आणि पेरिहान घाबरून पुढे झाली; तर ते हसत होते. आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. “बदमाश. मी त्या फळ्यांवर पालथा पडून होतो, पोरी. नाक घासत होतो. ‘दाबामुळे आलेली विकृती’ म्हणून छापलं मी. आणि हा पठ्ठ्या हजार वर्षांनी मला टोपी घालून गेला. काय माणूस असेल. काय डोळा असेल.” त्यांनी चेहरा पुसला आणि मॉडेलकडे वळले. बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात दुःख नव्हतं असं नाही. मग टेबलावरची बारीक सुरी उचलली. “सरसाने चिकटवलंय. वाफ दिली की सुटेल. पाचवीपासून वर सगळं काढावं लागेल. बरगड्याही.”

“होजा, तुमचं नाव घालून फलकसुद्धा तयार आहे,” पेरिहान म्हणाली. “तसंच जाऊ द्या. मी शेजारी दुसरं करून ठेवीन.”

“चुकलेलं काचेत ठेवतेस? मला तू कुणाकडे शिकलीस ते विचारावं लागेल.” थरथरत्या हाताने त्यांनी सुरीचं टोक फटीत घातलं, आणि हात थरथरत असूनही ते टोक नेमकं फटीत गेलं. “संग्रहालयाला फोन लाव. म्हणावं, गाडी या आठवड्यात नको. पुढच्या वर्षी पाठवा.”

मेबरुरे आब्ला अजून दारातच होत्या. त्यांनी तबक कपाटावर ठेवलं आणि निघून गेल्या. स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला. पेरिहान फोन हातात धरून तशीच बसली. होजा फळीशी पुटपुटत होते. मग आब्ला परत आल्या. हातात किटली होती, तोंडातून वाफेचा लोट येणारी, आणि खांद्यावर फडकं. डोळे लाल होते. त्यांनी खुर्ची ओढली, नवऱ्याच्या शेजारी बसल्या, आणि किटलीचं तोंड डाव्या कुशीकडे धरलं.

“जरा मागे,” होजा म्हणाले. “हां, तिथे. हलवू नकोस.”

“माझे हात हलत नाहीत, तुमचे हलतात,” आब्ला म्हणाल्या. पेरिहानने आता नंबर लावला. तिच्याकडे न बघता आब्लांनी विचारलं, “लागला का फोन?”

“वाजतोय.”

“पुढच्या वर्षी म्हणे. या हातांनी एका वर्षात कुठलं होतंय. दोन सांग.”

पलीकडून कुणीतरी फोन उचलला, आणि पेरिहानने दोन सांगितली.